पाणी चाखणाऱ्या बाई

आमच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या नलिनी राऊत यांना जाऊन दुसरं वर्ष सरत आलं. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची होती तिथे आता झेरॉक्सचं मशीन आहे आणि मला त्या मशीनचा राग येतो. मशीनचा काही दोष नाही. पण राग कुणावर तरी काढावा लागतो, आणि ज्याच्यावर काढायला हवा तो माणूस मीच असल्यामुळे मी आपला मशीनवर काढतो. का, ते ओघात येईलच.

मी बार्शीकडचा. मराठी शिकवतो. अकरा वर्षांपूर्वी विरार पश्चिमेला वन बीएचके घेतला आणि या शाळेत रुजू झालो. पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत डबा उघडला तर शेजारच्या खुर्चीतून एक ठेंगणी, सावळी, अंबाड्यात सोनचाफा खोवलेली बाई वाकून माझ्या डब्यात बघू लागली. मला हे आवडलं नाही. आमच्याकडे दुसऱ्याच्या डब्यात असं कुणी डोकावत नाही.

"मालदांडी ज्वारी," त्या म्हणाल्या. "शेंगाची चटणी. म्हणजे जमीन काळी, पाऊस हुलकावणी देणारा. घरी म्हैस होती तुमच्या."

म्हैस खरोखरच होती. मी विचारलं, म्हैस कशी कळली?

"दह्यावरची साय बघा की, सर."

बाईंचा भूगोल असा डब्यातून सुरू व्हायचा. पुस्तकातला 'जगातील शेतीचे प्रकार' हा धडा त्या पुस्तक न उघडता शिकवत. एकादशीच्या आदल्या दिवशी वर्गात जगाचा नकाशा टांगून विचारत, "उद्या घरी काय?" पोरं म्हणत, साबुदाण्याची खिचडी. मग बाई पट्टी घेऊन नकाशाकडे वळत. साबुदाणा ज्या कंदाचा तो कुठला? पट्टी दक्षिण अमेरिकेवर. शेंगदाणा? पट्टी तिथेच. बटाटा, मिरची? पट्टी हलायचीच नाही. शेवटी एखादं पोर रडकुंडीला येऊन विचारायचं, "बाई, मग आपलं काय?"

"तूप आपलं असेल. म्हशीला विचारून सांगते," बाई म्हणत. "आणि मीठ आपलं. समुद्र शेजारीच आहे."

तिकडच्या उंच डोंगरांवर लोक बटाटा थंडीत गोठवून वाळवतात हे सांगताना त्या पिशवीतून सुकेळी काढत. सुकेळी म्हणजे इथे जवळच आगाशी गावाकडे राजेळी केळी उन्हात वाळवून करतात ती. एकेक तुकडा पोरांच्या हातावर ठेवत आणि म्हणत, "त्यांनी बटाटा ठेवला, आपण केळं ठेवलं. वर्षभर पुरवायची काळजी दोघांनाही." कुठल्या देशात काय पिकतं हे त्या विचारत नसत, तिथलं पाणी कुठून येतं ते विचारत. पाऊस, बर्फ, नदी, विहीर. त्याचं उत्तर आलं की ताटात काय असेल ते पोरं आपोआप सांगत. मी कितीदा तरी बाहेर व्हरांड्यात उभा राहून तो तास ऐकलाय.

एक नियम मात्र त्यांनी शाळेला लावून दिला होता. आमच्याकडे एका नेपाळी वॉचमनची मुलगी होती. तिच्या डब्यात एकदा आंबवून वाळवलेल्या पाल्याची भाजी आली. वास उग्र. पोरांनी नाकं धरली, एकाने खिडकी उघडली. मुलगी डबा बंद करून मान खाली घालून बसली. बाई तिच्या बाकावर जाऊन बसल्या, डबा उघडला, बोटाने भाजी घेतली आणि सावकाश खाल्ली. मग वर्गाकडे वळून म्हणाल्या, "हिच्या गावी चार महिने हिरवं पान दिसत नाही. तुम्ही काय खाल्लं असतं तिथे? दुसऱ्याच्या ताटातलं आपल्याला वेगळं लागलं तर दोष आपल्या सवयीचा. नावं ठेवायची नाहीत." त्या दिवसापासून हे वाक्य आम्ही सगळे वापरू लागलो. मी तर निबंधाला विषय म्हणूनही दिलं. आता मी ते वाक्य वापरत नाही.

बाई जवळच्याच निर्मळ गावच्या. वाडीवाल्यांचं घर, यजमान लवकर गेलेले, एकुलती मुलगी लग्न होऊन नाशिकला. नारळ, केळी, सोनचाफा, थोडा भाजीपाला, कडेला विहीर. गावात बाईंना मान होता तो शिक्षिका म्हणून नव्हे, जिभेमुळे. सासूकडून त्यांच्याकडे एक काम आलं होतं. होळी झाली की विहिरींचं पाणी खाली जातं आणि समुद्राजवळच्या वाड्यांत खालून खारं पाणी आत यायची भीती असते. त्या दिवसांत बाई सकाळी चहा घेण्याआधी पितळी पेला घेऊन निघत आणि पाड्यातल्या अकरा घरांच्या विहिरी चाखत. पाणी तोंडात फिरवून 'गोड' म्हणाल्या तर त्या वाडीत राजेळी लावायची. राजेळीला मिठाचा कणही सोसत नाही. 'मचूळ' म्हणाल्या तर केळ विसरायची आणि नारळावर भागवायचं. बाईंच्या शब्दावर कुणी दुसरं मत विचारल्याचं मी ऐकलं नाही.

चाखण्याची रीतही ठरलेली. घरून निघताना स्वतःच्या विहिरीच्या पाण्याची बाटली बरोबर घ्यायची. प्रत्येक विहिरीवर आधी त्या पाण्याने खळखळून चूळ भरायची, तोंड साफ करायचं, आणि मगच समोरचं पाणी जिभेवर घ्यायचं. सासूबाईंनी घालून दिलेली पद्धत. शाळेतही त्या नळाचं पाणी पीत नसत, घरचीच स्टीलची बाटली आणत. "बाहेरचं पाणी मी चाखते, पीत नाही. जीभ बिघडते," असं त्या म्हणत. आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं.

पहिल्या वर्षीच्या मे महिन्यात बाईंनी मला वाडीवर बोलावलं. पडवीत बसवून आधी पाण्याचा तांब्या ठेवला, मग चहा आणि सुकेळी. मी पाणी प्यायलो. पाणी मचूळ होतं. थोडंसंच, पण होतं. आमच्याकडे पाणी कमी, पण त्याला चव नसते, आणि घरी विरारला मी फिल्टरचं पितो, म्हणून मला लगेच कळलं. चहातही तेच. साखरेच्या मागून मीठ यायचं. मी बाईंकडे बघितलं. त्या मजेत चहा पीत होत्या. माझ्या मनात आलं, इकडचं पाणी असंच असणार. समुद्रकाठचं गाव, यांची चव वेगळी, आपली वेगळी. नावं ठेवायची नाहीत. नेपाळी मुलीचा डबा जेमतेम दोन महिन्यांपूर्वीचा होता.

"कसा झालाय चहा?" बाईंनी विचारलं.

"छान," मी म्हणालो.

त्यानंतर नऊ वर्षं मी त्या पडवीत चहा प्यायलो आणि नऊ वर्षं छान म्हणत राहिलो.

गावात बदल होत होते, ते सगळ्यांना दिसत होते. वाड्यांमधली जुनी तळी, ज्यांना इथे बावखल म्हणतात, एकेक करून बुजली. पावसाचं पाणी त्यांत साठून जमिनीत मुरायचं ते थांबलं. पहाटेपासून टँकर वाड्यांच्या फाटकांशी उभे राहू लागले आणि विहिरींचं गोडं पाणी नव्या इमारतींकडे जाऊ लागलं. आमच्या सोसायटीतही पहिली तीन वर्षं टँकरच यायचे, आणि मी त्या पाण्याने मजेत अंघोळ करायचो. गोडं पाणी उपसलं गेलं की त्याच्या जागी काय येतं हे बाई स्वतःच वर्गात फळ्यावर काढून दाखवत. पूर्वेकडच्या मोठ्या नद्यांच्या मुखाशी भातशेतं खारी कशी झाली, लोक भात सोडून कोळंबी कशी पाळू लागले, सगळं सांगत. आकृतीत समुद्र निळा, गोडं पाणी पांढरं, आणि मधली रेघ लाल. लाल रेघ दर वर्षी थोडी आत सरकते, असं म्हणून त्या ती पुसून पुन्हा काढत.

आणि घरी त्यांच्याच वाडीत ती रेघ आत येत होती. आधी पानवेली गेल्या. बाई म्हणाल्या, कीड. मग त्यांच्या घरची डाळ शिजेना. कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी दाणा तसाच. बाई म्हणाल्या, हल्ली डाळ जुनी विकतात. धुणं धुवायच्या दगडावर पांढरा थर बसू लागला. साबणाला फेस येईना. एका पावसाळ्यात वाडीत बेडूक ओरडलेच नाहीत, आणि त्या शांततेत बसून चहा पिताना मला पहिल्यांदा भीती वाटली. दर वेळी बाई विहिरीवर जात, चूळ भरत, पाणी तोंडात फिरवत आणि म्हणत, "गोड आहे."

त्यांच्या वाडीत बाळाराम नावाचा म्हातारा गडी कामाला होता. खाडीपलीकडच्या भातशेतीच्या गावातला. एकदा तो माझ्यासमोर म्हणाला, "बाय, पानी मचूल झालंय. आमचे शेतान पन असंच झालेलं."

"बाळाराम, तू तंबाखू खातोस," बाई म्हणाल्या. "तुझ्या जिभेचं काय सांगतोस मला."

बाळाराम माझ्याकडे बघत राहिला. मी चहाच्या कपात बघत राहिलो.

मग रक्तदाब निघाला. डॉक्टरांनी मीठ बंद करायला सांगितलं आणि बाईंनी दुसऱ्या दिवशी बरणी गड्याला देऊन टाकली. त्या बाबतीत त्या एकदम कडक. महिन्याभराने एका रविवारी मला जेवायला ठेवून घेतलं. "आळणी आहे हं, सर. सांभाळून घ्या." मी दुधीच्या भाजीचा घास घेतला. भाजी आळणी नव्हती. वरणही नव्हतं. भातसुद्धा नुसता खाल्ला तरी मिठाचा लागत होता. मी म्हणालो, "बाई, बरोबर लागतंय की सगळं."

बाई खूश झाल्या. "भाजी वाडीतली ताजी असली की मीठ लागत नाही."

डॉक्टर गोळ्या वाढवत होते. पाय सुजत होते. चपलेचे बंद पायात रुतायचे आणि वर्गातून येताना बाई जिन्यावर दोनदा थांबायच्या. मीठ सोडूनही दाब उतरत कसा नाही, याचं डॉक्टरांना नवल वाटत होतं. त्या दिवशी तो भात खाऊन मी बसने घरी आलो आणि कुणाला काही बोललो नाही. मला कळलं नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. मला कळलं होतं. पण इतक्या वर्षांनी कुठल्या तोंडाने सांगणार होतो? आणि त्यांच्या जिभेवर शंका घ्यायची म्हणजे त्यांच्यावरच शंका घ्यायची.

शेवटी मिलिंद आला. मिलिंद म्हणजे बाईंच्या चुलत दिरांचा मुलगा, चाळिशी ओलांडलेला. अंधेरीतली नोकरी सोडून वडलांची वाडी करायला परतला होता. त्याच्या मनात एकच होतं, सगळ्या वाडीत राजेळी लावायची आणि घरची सुकेळी पुन्हा सुरू करायची. आगाशीच्या बाजारात अस्सल राजेळीची सुकेळी मिळेनाशी झाली होती आणि त्याच्या वडलांचं त्यात नाव होतं. बायको नाराज होती, दोन मुलं शिकत होती, पण माणूस पेटलेला. चैत्रात एका सुट्टीच्या सकाळी तो बाईंना न्यायला आला तेव्हा मी तिथेच होतो, म्हणून मीही गेलो.

बाईंनी त्याच्या विहिरीवर बाटली उघडली, चूळ भरली, पितळी पेला लावला. डोळे मिटून पाणी फिरवलं. मिलिंद हात जोडून उभा होता. देवळात कौल लावल्यावर लोक उभे राहतात तसा.

"गोड," बाई म्हणाल्या. "लाव राजेळी."

पेला माझ्याही हातात आला. मी घोट घेतला. बाईंच्या पाण्यासारखंच होतं, तितकंच मचूळ. मिलिंदच्या चेहऱ्यावरचा आनंद बघितला आणि घोट गिळून पेला खाली ठेवला.

पावसाच्या तोंडावर त्याने चारशे मुनवे लावले. मुनवे म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिल्लं. पावसाच्या पाण्यावर झाडं तरारली, दिवाळीपर्यंत वाडी बघत राहावी अशी झाली. मग विहिरीचं पाणी सुरू झालं. संक्रांतीला पानांच्या कडा तपकिरी झाल्या. होळीपर्यंत ती करप आत शिरली. नवीन पान उलगडायच्या आधीच टोकाला वाळायचं. मिलिंदने कृषी खात्याच्या माणसाला दाखवलं. तो म्हणाला, पाणी तपासा. मिलिंद म्हणाला, पाणी काकींनी तपासलंय.

तरीही तो बाईंना पुन्हा घेऊन गेला आणि जाताना मलाही फोन करून बोलावलं. बाईंनी परत चूळ भरली, परत चाखलं. "गोडच आहे रे," त्या म्हणाल्या. आवाज मात्र पूर्वीचा नव्हता.

मिलिंदने पेला भरून माझ्यापुढे धरला. "सर, तुम्ही बाहेरचे. तुम्ही सांगा."

आता पळायला जागा नव्हती. "मचूळ आहे," मी म्हणालो.

बाई माझ्याकडे वळल्या. "आणि माझ्या विहिरीचं?"

"तेही."

"कधीपासून?"

"मी पहिल्यांदा आलो तेव्हापासून, बाई."

"नऊ वर्षं," बाई म्हणाल्या. मग शिक्षक विचारतात तसं, अगदी शांतपणे विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"तुम्हीच सांगायचात, नावं ठेवायची नाहीत. मला वाटलं, इथलं पाणी असंच असतं."

बाई हातातल्या बाटलीकडे बघत होत्या. त्याच पाण्याने चूळ भरून त्यांनी इतकी वर्षं दुसऱ्याचं पाणी जोखलं होतं. मिठाने तोंड साफ करून मीठ शोधत होत्या, हे मला कळलं तेव्हाच त्यांनाही कळलं असणार. मिलिंद करपलेल्या पानाचा तुकडा बोटांत चुरत उभा होता. तो बाईंना एका शब्दानेही लावून बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी बाई रजा टाकून नाशिकला मुलीकडे गेल्या. आठ दिवस तिथलंच पाणी प्यायल्या, तिथलंच खाल्लं. जीभ धुऊन काढायला गेल्या होत्या. परत आल्या त्या पिशवी खांद्यावर तशीच ठेवून विहिरीवर. हे मला बाळारामने सांगितलं. "पेला भरला, तोंडान घेतलं. मना वाटलं थुंकंल. नाय थुंकली. गिलली, आन काठावर बसून रायली. मी पिशवी उतरवून घेतली तरी कललं नाय तिला."

बाई वारल्या त्याच पावसाळ्यात. मेंदूत रक्तस्राव झाला, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. पण मी त्यांना शेवटचं नीट बघितलं ते त्याआधी दोन महिने, नाशिकहून आल्यानंतरच्या रविवारी. सकाळी सातला त्यांचा फोन आला. "सर, माझ्याबरोबर चला. अकरा घरी जायचंय. दिलेला शब्द परत घ्यायचाय. एकटी गेले तर म्हातारीला काहीतरी झालंय म्हणतील."

पहिल्या घरी बाई ओटीवर बसल्या नाहीत. उभ्यानेच म्हणाल्या, "तुमचं पाणी खारं झालंय. मी चुकले. केळ लावू नका, आणि पिऊ तर नकाच. तपासून घ्या." घरच्या मालकाने बायकोकडे बघितलं. बायकोने आतून तांब्या आणला, स्वतः घोट घेतला, नवऱ्याला दिला. दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. "नाही हो बाई. गोड आहे की."

दुसऱ्या घरीही तेच झालं. तिसऱ्या घरच्या म्हातारीचे पाय सुजून लाल झाले होते. तिने अख्खा पेला आमच्यासमोर रिकामा केला आणि हसून म्हणाली, "लहानपणापासून हेच पिते. एवढं गोड पाणी अख्ख्या गावात नाही." बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पुढे होऊन म्हणालो की पाणी खारट आहे, मला स्पष्ट कळतंय. म्हातारीने माझं नाव-गाव विचारलं आणि बार्शी ऐकल्यावर प्रेमाने म्हणाली, "तुम्हाला सवय नसंल, मास्तर."

चौथ्या घरी आम्ही तपासणीचं बोललो. त्यांनी हो म्हटलं, ते आम्हाला घालवण्यासाठी. पाचव्या घरी कुणी वाद घातला नाही, फक्त बाईंची तब्येत विचारली. तिथून निघाल्यावर बाई वाटेत कुंपणाला धरून थांबल्या. ऊन चढलं होतं. मी म्हणालो, आज पुरे, बाई. त्यांनी पदराने कपाळ पुसलं आणि दम खात म्हणाल्या, "सहा राहिलीत."

मी तिथेच सावलीत थांबलो. पुढे गेलो नाही, हेही सांगून टाकतो. सुजलेली पावलं टाकत त्या पुढच्या वाडीच्या फाटकाशी पोचल्या आणि त्यांनी कडीला हात घातला. आतून कुणीतरी त्यांना ओळखलं आणि आनंदाने हाक आली, "या, या बाई. किती दमलात. आधी पाणी घ्या."